घड्याळखान्यात मेलचा सर्व्हर बसविला, त्याची हकीकत

मालकसाहेबांचे हुकुमावरून ही हकीकत लिहिली असे. हुकूम ऐसा की, आपले कारखान्यात जी मोहीम जाहली ती जशी जाहली तशीच लिहावी, पदरचे काही घालू नये आणि कोणाची भीड धरू नये. मात्र खुद्द मालकांविषयी लिहिताना थोडी धरावी. त्यावरून सर्व पक्षांस पुसून, ज्याने जे कबूल केले ते आणि जे कबूल करण्याचे टाळले तेही ध्यानी घेऊन, मजकूर तयार केला. वाचणारास हसू आले तर त्याने खुशाल हसावे, परंतु मिस्त्रीकाकांचे समोर हसू नये.

प्रथम स्थळाचे वर्णन. मोठे रस्त्यास लागून एका इमारतीचे दुसरे मजल्यावर दोन खोल्यांचा मुलूख, पुढली कचेरी आणि मागील कारखाना. तेथे मनोऱ्यांवरची, शाळांवरची, स्टेशनांवरची थोर घड्याळे दुरुस्त होतात. खिडकीतून पाहिले असता समोर दोनशे पावलांवर शहराचा मनोरा दिसतो, त्यावर चहूं तोंडांचे घड्याळ, आणि ते सांभाळण्याचे काम याच कारखान्याकडे. गादीवर मालकसाहेब, स्वभावे प्रेमळ, परंतु कोणी पाच मिनिटे उशिरा आला तर दिवसभर चष्मा पुसणारे. दफ्तरावर चिटणीसताई, ज्यांचे हातून कागद कधी हरवला नाही आणि ज्यांची चहाची वेळ कधी चुकली नाही. आणि कारखान्याचे सरलष्कर मिस्त्रीकाका, एकतीस वर्षांचे चाकर, ज्यांचे कानास दातेरी चाकाची कुरकुर भिंतीपलीकडून ऐकू येते.

या कारखान्याचा एक दस्तूर पुढील सर्व अनर्थाचे मूळ, सबब तो ध्यानी ठेवावा. कचेरीत भिंतीवर थोरले घड्याळ आहे. रोज सकाळी नवाचे ठोक्यास काका त्यास चावी देत आणि खिशातले घड्याळ काढून त्याशी ताडून पाहत. मग छपराखाली जे जे घड्याळ असेल ते ते थोरल्याप्रमाणे लावत, आणि शनिवारी मनोरा चढून तेथलेही लावत. मोबाईलवर वेळ पाहणारास ते एकच शब्द ऐकवीत, "ती ऐकीव वेळ." त्यावर आजवर कोणी उलट बोलला नव्हता.

ऐसे सर्व सुखात चालले असता सोमवारी, शहराचा मनोरा जिचे ताब्यात त्या मनोरा-समितीचा खलिता आला. त्यात लिहिले होते की, मनोऱ्याचे जुने यंत्र ठेवावे की काढून बॅटरीचे बसवावे याचा निकाल आहे. तुमचे कागदावर छापलेल्या मेलच्या पत्त्यावर तीन मेल धाडिले, तिन्ही माघारी आले. आता शुक्रवारी पाच वाजण्याचे आत यंत्राचा अहवाल त्याच पत्त्यावरून मेलने यावा. हाती दिलेला कागद चालणार नाही, दुसऱ्याचा पत्ता चालणार नाही. न आल्यास जुने यंत्र खाली उतरविले जाईल.

येथे एक नाजूक गोष्ट उघड करणे प्राप्त आहे. मालकसाहेबांनी सहा वर्षांमागे नवे कागद छापविले, तेव्हा छापखानेवाल्याने पुसले की मेलचा पत्ता घालायचा काय, आणि मालकांस वाटले की असलेला बरा, भारदस्त दिसतो. म्हणून घातला. त्या पत्त्यामागे मेल नव्हता, सर्व्हर नव्हता, काहीच नव्हते. दार रंगविलेली भिंत असावी तसे होते ते. समितीने त्या दारावर तीन वेळा थाप मारिली आणि आतून कोणी ओ दिली नाही.

खलिता वाचून मालकांचे तोंडचे पाणी पळाले.  काकांनी मात्र खलिता दोनदा वाचिला, घडी करून परत दिला, आणि खिडकीशी जाऊन मनोऱ्याकडे पाहत उभे राहिले. ते यंत्र त्यांचे मामांनी त्यांचे हाती दिले होते, त्यातील हरएक चाक त्यांणी स्वहस्ते घासले होते. त्या दिवशी त्यांणी चहा घेतला नाही, यावरून काय ते समजावे.

मंगळवारी मालकांचे घरी लेक आणि जावई जेवावयास आले. जावईबापू दुसऱ्या एका कंपनीत कॉम्प्युटरचे काम पाहतात, माणूस सज्जन, जिभेस मात्र लगाम थोडा कमी. मालकांनी पडले चेहऱ्याने सर्व हकीकत सांगितली, आणि जावईबापू घास चावता चावता बोलून गेले, "त्यात काय एवढं? दोन तासांचं काम आहे." टेबलाखालून पत्नीने पाय दाबिला, परंतु बाण सुटला होता. सासूबाई धन्य होऊन म्हणाल्या, "बघा! मी म्हणत नव्हते?" त्या काय म्हणत होत्या हे कोणास आठवत नाही, परंतु त्या क्षणापासून मोहिमेची सरदारकी जावईबापूंचे गळ्यात पडली.

बुधवारी जावईबापू रजा काढून, मेलचा सर्व्हर म्हणून एक काळा डबा, तारांचे भेंडोळे आणि हसरा चेहरा घेऊन दाखल जाहले. दोन तासांत डब्यास जागाच ठरली नाही. मालक म्हणत की दर्शनी ठेवावा, आल्यागेल्यास दिसेल; चिटणीसताई म्हणत की माझे टेबलावर ठेवाल तर याद राखा; शेवटी कारखान्यातील फळीवर, लंबकांचे खोक्याशेजारी, त्यास ठाणे मिळाले. मग तार ओढण्यास भिंतीत भोक पाडिले, ते चुकीचे भिंतीस पडले, मग दुसरे पाडिले. मग पासवर्डाची मसलत बसली. मालकांनी एक ते आठ आकडे ओळीने सुचविले आणि ते मोठ्याने म्हणूनही दाखविले. जावईबापूंनी कपाळास हात लाविला, परंतु सासऱ्यास काय बोलणार, म्हणून "चांगला आहे, पण थोडा बदलू" इतकेच म्हणाले आणि समूळ बदलिला.

गुरुवारी दुपारी डबा बोलू लागला. चिटणीसताईंनी तीन हातांवर बसलेल्या मालकांस पहिला मेल धाडिला, "चहा घेणार का?" आणि मालकांनी उलट मेलने होकार दिला, आणि दोघांनी उठून एकमेकांचे अभिनंदन केले. मग एक मेल बाहेर, जावईबापूंचे मोबाईलवर धाडिला, तोही क्षणात पावला. सर्वांचा जीव भांड्यात पडला. तेव्हाच मोहीम संपली असे सर्वांनी मानिले, आणि चूक ती येथेच.

शुक्रवारी सकाळी नवाचे ठोक्यास काका चावी घेऊन निघाले, थोरले घड्याळ लाविले, आणि फळीवरील डब्यापुढे येऊन थबकले. त्यांणी जावईबापूंस पाचारण केले.

"याच्यात घड्याळ आहे का हो?"

"आहे ना काका."

"ते वेळ कुठून घेतं?"

"बाहेरून. आपोआप. दुसरा एक सर्व्हर असतो, तो सांगतो."

"आणि त्याचं कोण लावतं?"

जावईबापूंनी डोके खाजविले; याचे उत्तर खरे पाहता फार थोड्यांस देता येईल. तेव्हा काकांनी निर्णय दिला, "या छपराखालचं घड्याळ परक्याच्या तोंडची वेळ सांगायचं नाही. तोडा ते." जावईबापूंनी मनात विचार केला की वडील माणूस आहे, सासऱ्यांचा उजवा हात आहे, मिनिटाभराने काय बिघडते, आणि बाहेरची वेळ बंद करून, काकांनी थोरल्याकडे पाहून सांगितली ती वेळ डब्यात घातली. काकांनी डब्याचे पाठीवर थोपटले. आजपासून तो घरचा जाहला.

दिवसभर अहवालाचे काम चालले. काका सांगत आणि चिटणीसताई टाइप करीत. चौदा पाने जाहली. एका चाकाचे वर्णन काकांस पुरेसे आदराचे वाटेना, म्हणून ते चार वेळा फिरविले. शेवटास त्यांणी सांगून घातले की, यंत्राची चाल बिनचूक असून मनोऱ्याची वेळ भरवशाची आहे. भिंतीवर साडेचार वाजता मेल रवाना जाहला, आणि एक मिनिट होते न होते तों माघारी आला.

पुन्हा धाडिला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा जावईबापूंचे चेहऱ्यावरील हसू पार गेले होते. सोबत समितीचे सर्व्हरची चिठ्ठी होती, तिचा तर्जुमा येणेप्रमाणे. हरएक मेलवर निघतेवेळी मुहर उठते आणि मुहरेत वेळ असते. तुमचे मुहरेतील वेळ अजून उजाडलेली नाही. जो मेल अद्याप लिहिलाच गेला नाही तो आम्ही आत कसा घ्यावा? लबाड समजून परत केला आहे.

जावईबापूंनी मोबाईल काढिला. त्यात चार वाजून एकवीस मिनिटे. भिंतीवर पाहिले, तेथे चार बत्तीस. ते हळूच मालकांस आणि चिटणीसताईंस पाण्याचे पिंपापाशी घेऊन गेले आणि कुजबुजले, "भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे. सर्व्हरलाही तीच वेळ लागलीय. काकांना सांगायला हवं."

हे ऐकून मालक आणि चिटणीसताई दोघेही एकदम पांढरे पडले, आणि जावईबापूंस नवल वाटले. परंतु कारण निराळे होते. चिटणीसताईंनी बहुत वर्षांमागे, लेकीस शाळेतून आणण्याची बस चुकू लागली तेव्हा, एके दुपारी काका मनोऱ्यावर गेले असता थोरले घड्याळ चार मिनिटे पुढे केले होते. आणि मालकांनी दुसऱ्या एका वर्षी, माणसे वेळेवर यावीत म्हणून, तसेच काका बाहेर असता सात मिनिटे पुढे केले होते. एकास दुसऱ्याचे ठाऊक नव्हते. मोबाईलशी ताळा घेतला की ताईंस वाटे, आपली चार मिनिटे वाढून अकरा कशी जाहली, आणि मालकांस वाटे, सातांस पाय फुटले की काय. भिऊन दोघेही गप्प राहिले. आणि काका शनिवारी तीच वेळ मनोऱ्यावर नेत, त्यामुळे अवघे शहर अकरा मिनिटे आधी उठत होते आणि मनोऱ्यास लाडाने घाईवाला म्हणत होते.

आता काकांस सांगावे कोणी, यावर मसलत बसली. मालक म्हणाले, ताईंनी सांगावे, बाईमाणसावर काका ओरडत नाहीत. ताई म्हणाल्या, मालकांनी सांगावे, मालकांवरही ओरडत नाहीत. मग दोघांनी जावईबापूंकडे पाहिले. जावईबापू म्हणाले, "मी जावई आहे हो!" मालक म्हणाले, "म्हणूनच." या मसलतीत भिंतीवर दहा मिनिटे खर्ची पडली, आणखी पंधरा काकांचे पाठीमागे उभे राहून घसा खाकरण्यात गेली.

शेवटी जावईबापूंनी धीर करून सांगितले. काका ओरडले नाहीत. त्यांणी खिशातील घड्याळ काढिले, भिंतीशी धरिले, दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळत होती. "दोन साक्षीदार आहेत," काका म्हणाले, "आणि तुमची एक ऐकीव."

"काका, रागावू नका, पण भिंतीवरचं तुम्ही कशावरून लावता?"

"या खिशातल्यावरून. रोज सकाळी."

"आणि खिशातलं?"

"भिंतीवरच्यावरून. रोज संध्याकाळी, घरी जाताना."

हे बोलून काका थांबले. आपले बोलणे त्यांणी आपल्याच कानांनी ऐकिले.  आणि तेवढ्यात खिडकीबाहेर मनोऱ्याने पाचाचे ठोके देण्यास आरंभ केला.

पाचवा ठोका पडला तेव्हा चिटणीसताईंचे डोळ्यांस पाणी आले. "काका, चार मिनिटं माझी आहेत," त्या म्हणाल्या आणि सर्व सांगितले. मालकांनी चष्मा काढिला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "सात माझी." काकांनी दोघांकडे पाहिले. मग खिशातील घड्याळाकडे पाहिले. "हे दोनदा मागे पडलेलं सापडलं होतं मला," ते म्हणाले. "मी उगाच याला दोष दिला. दोनदा उघडून तेल घातलं."  त्यांणी ते घड्याळ अंगठ्याने पुसले आणि जावईबापूंस हुकूम केला की, डब्यास बाहेरची वेळ द्यावी.

बाहेरचे वेळेने तेव्हा चार वाजून पन्नास मिनिटे होती. जावईबापूंनी बोटांची शर्थ करून डबा बाहेरचे वेळेस जोडिला आणि चार बावन्नास मेल रवाना केला.  मेल माघारी आला नाही. मालकांनी जावयास मिठी मारिली, ती दोघांसही जरा अवघड गेली.

दोन मिनिटांनी त्या डब्यात समितीचा पहिला मेल आला. मजकूर ऐसा की, तुमचा अहवाल पावला, परंतु मनोऱ्याचे पाच ठोके पडतांच आमची नोंदवही बंद होते; सबब मुदत टळली.

"असं कसं!" जावईबापू उसळले. "आत्ता चार चौपन्न झालेत! मेलवर वेळ आहे, कळवून टाकतो."

"कळवा," काका म्हणाले, "आणि मग ते काय म्हणतील?"

तेव्हा सर्वांस पेच कळला. मनोरा खरा म्हणावा तर अहवाल उशिरा पोचला. अहवाल वेळेवर म्हणावा तर मनोरा खोटा, आणि अहवालात तर लिहिले की मनोऱ्याची वेळ भरवशाची. कोणीकडून गेले तरी यंत्र उतरणार. मालक म्हणाले की गप्प बसावे, फोन करावा, ओळख लावावी. काका खुर्ची ओढून चिटणीसताईंपाशी बसले. एकतीस वर्षांत ते त्या खुर्चीवर बसल्याचे कोणास आठवत नाही.

"लिहा ताई," ते म्हणाले. "मनोऱ्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे. आमचा अहवाल वेळेत आहे, पण त्यातली एक ओळ चूक आहे, वेळ भरवशाची ती. ती खोडा. यंत्राच्या चालीत दोष नाही, दोष लावण्यात आहे. चाल घड्याळाची, लावणं माझं. शिक्षा करायची तर मला काढा, यंत्र काढू नका. खाली माझं नाव घाला."

"काका, आमचीही नावं..." ताई म्हणाल्या.

"मनोऱ्यावर तुम्ही चढत होता का? माझंच घाला."

ताईंनी एकच नाव घातले, परंतु अक्षरे दिसेनात म्हणून दोनदा टाइप करावे लागले. चार अठ्ठावन्नास मेल गेला.  पाच वाजले, परंतु वाजल्याचे सांगणारे कोणी नव्हते, मनोऱ्याचे सांगून जाहले होते. ताईंची घरी जाण्याची वेळ होऊन गेली आणि त्या जागच्या हालल्या नाहीत.

पाच वाजून नऊ मिनिटांनी डब्यात मेल आला. समितीचे मुख्य अभियंताबाईंनी स्वहस्ते लिहिला होता. जावईबापूंनी उभे राहून तो वाचिला, त्याचा सारांश. आम्ही वर्षभर मनोऱ्याची वेळ रोज टिपून ठेविली आहे. रोज अकरा मिनिटे पुढे, उन्हाळ्यात अकरा आणि थंडीत अकरा, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. इतकी नेमकी चूक चांगल्या यंत्रावाचून होत नाही, हे आम्हांस कळते. घड्याळ पुढे आहे ही आमची तक्रार नव्हती. विचारावे तर उत्तर देणारे कोणी नाही, ही तक्रार होती. तीन मेल धाडिले, तिन्ही माघारी आले. आज उत्तर आले. अहवाल मुदतीत धरिला आहे. यंत्र जागेवर राहील आणि ते आजवर ज्यांचे हाती होते त्यांचेच हाती राहील. मात्र वेळ मागे घेणे ती सोमवारी घ्यावी, आमची सर्व मंडळी मनोऱ्याचे पाचास घरी गेली असून त्यांस आता परत बोलाविणे बरे दिसणार नाही.

काकांनी एवढेच पुसले, "खरंच असं लिहिलंय?" जावईबापूंनी पडदा त्यांचेकडे फिरविला. काकांनी बोट ठेवून ओळ ओळ वाचिली, आणि मग शर्टाचे बाहीने डोळे पुसले, आणि कोणी पाहिले नाही असे सर्वांनी दाखविले.

सोमवारी सकाळी काका मनोरा चढले आणि सोबत जावईबापूंस नेले. ठोक्यांचे घड्याळ काटा मागे फिरवून मागे घेता येत नाही, नाहीतर ठोके बिघडतात. त्यास थांबवून, जितके पुढे असेल तितका वेळ उभे राहावे लागते. काकांनी लंबक हाताने धरिला. एकतीस वर्षांत प्रथमच ते यंत्र गप्प जाहले, आणि खाली रस्त्यावर दोनचार माणसे थांबून वर पाहू लागली. दोघेही त्या शांततेत अकरा मिनिटे उभे होते. जावईबापू सांगतात की इतकी लांब अकरा मिनिटे त्यांणी जन्मात पाहिली नाहीत, आणि काकांचा हात जराही हालला नाही.

शेवटचे मिनिट आले तेव्हा काकांनी मान न वळविता पुसले, "जावईबापू, काय म्हणते तुमची ऐकीव वेळ?"

"दहाला वीस सेकंद कमी, काका."

"दहा झाले की ओरडा."

जावईबापू ओरडले. काकांनी लंबक सोडिला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जखमी कोणी नाही, फक्त एक भिंत जास्त भोकाची. चिटणीसताई घरी जाण्यास आता पुढली बस धरितात, आणि मालकसाहेब सकाळी चष्मा पुसण्यास नवे निमित्त शोधीत आहेत. थोरले घड्याळास काकांनी कुलूप लाविले आणि किल्ली मालकांसमोर चिटणीसताईंचे हाती दिली, ते का, हे त्यांणी सांगितले नाही आणि कोणी पुसले नाही. खिशातील घड्याळ ते आता रोज सकाळी डब्यापुढे उभे राहून लावतात. हे लिहून पुरे जाहले तेव्हा भिंतीवर, खिशात, डब्यात आणि मनोऱ्यावर एकच वेळ होती, तीन वाजून सात मिनिटे. मुहर याच वेळेची उठविली असे.